मंजुरीपत्र म्हणजे घर नव्हे!



महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात आपल्या वस्तीत जा आणि घरं नीट बघा. स्लॅब पडलेला असतो, पण भिंतींना प्लास्टर नसतं. खिडकीच्या जागी सिमेंटची रिकामी गोणी लावलेली असते. पुढचं दार पत्र्याचं, मागच्या दाराला जुन्या साडीचा पडदा. संडासाचं भांडं बसवलेलं असतं, पण शोषखड्डा खोदायचा राहिलेला, म्हणून त्या खोलीत सरपण भरलेलं. स्लॅबवर कॉलमच्या सळया गंजत उभ्या. आणि पुढच्या भिंतीवर, उघड्या विटांवरच, योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव आणि मंजुरीचं वर्ष रंगवलेलं. अशी कितीतरी घरं सरकारी दप्तरात 'पूर्ण' म्हणून नोंदलेली आहेत.

अशा घराकडे बघून तीन प्रकारचे लोक बोलतात. गावातला म्हणतो, "यांना सगळं फुकट मिळतं, तरी नीट बांधता येत नाही. पैसे दारूत घातले असतील." पंचायत समितीतला म्हणतो, "लाभार्थी उदासीन आहे." आणि शहरात फ्लॅट घेतलेला आपलाच नोकरदार भाऊ म्हणतो, "आपल्या लोकांना नियोजन जमत नाही." तिघांचं म्हणणं एकच: दोष बांधणाऱ्याचा.

मी म्हणतो, हे साफ खोटं आहे. अर्धंच घर उभं राहील एवढाच पैसा, तोही तुकड्यातुकड्याने, आणि तोही जागेचा कागद असेल तरच, अशी ही रचना आहे. तिच्यातून अर्धं घर निघतं यात नवल काही नाही. नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटायला हवं. आपली चळवळ यादीत नाव येईपर्यंत कडाडून भांडते आणि यादी लागली की घरी जाते. खरी लढाई तिथूनच सुरू होते आणि त्या लढाईत आपली आई-बहीण एकटी उरते.

छप्पर हा आपल्यासाठी साधा विषय कधीच नव्हता

गावाने अस्पृश्यांवर लादलेल्या बंधनांची यादी बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी लेखनात दिली आहे. कौलारू छपराचं घर बांधणं हा अस्पृश्यांचा गुन्हा मानला जाई, असं त्या यादीत आहे. ऐपत नव्हती म्हणून आपल्या पूर्वजांनी कौलं घातली नाहीत असं समजू नका. ज्याच्याकडे चार पैसे होते त्यालाही ती घालायची परवानगी नव्हती. घर कसं असावं, किती उंच असावं, कुठे असावं, हे गाव ठरवत होतं.

ही गोष्ट कळली की आपल्या माणसाला स्लॅबचं एवढं वेड का, हेही कळतं. हातात पैसा येताच तो आधी छत पक्कं करतो. शेजारच्या पाटलाच्या घरासारखे कॉलम घेतो. वर आणखी एक मजला चढेल म्हणून सळया मोकळ्या सोडतो. शहरी माणसाला हा मूर्खपणा वाटतो. माझ्या मते हा शेकडो वर्षांच्या अपमानाला दिलेला जबाब आहे. पण जबाब देताना खिसा रिकामा होतो आणि दार-खिडकी राहून जाते, हेही तितकंच खरं. म्हणून आधी खिशाकडे बघू.

'फुकटच्या घराचा' हिशेब

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. सपाट भागासाठी १,२०,००० रुपये आणि डोंगराळ, दुर्गम भागासाठी १,३०,००० रुपये असा दर ठरला. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. आपल्या समाजासाठी असलेल्या रमाई आवास योजनेचं ग्रामीण अनुदानही याच दराने चालत आलं आहे. २०१६ नंतर सिमेंट, सळई, वीट, वाळू, मिस्त्रीची मजुरी, सगळं वाढलं. केंद्राचा आकडा जागचा हलला नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. गावाकडे हात आखडून बांधकाम करायचं म्हटलं आणि मजुरीसह १,२०० रुपये चौरस फूट एवढाच दर धरला, तरी २६९ फुटांचे ३,२२,८०० रुपये होतात. बहुतेक ठिकाणी यात भागत नाही, पण वादासाठी एवढेच धरू.

मिळतात किती? अनुदान १,२०,०००. रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८०. शौचालयाचे १२,०००. एकूण १,६०,०८०. म्हणजे खर्चाच्या निम्मे, त्याहून थोडे कमीच. त्यातही रोजगार हमीचे पैसे ही आपल्याच घामाची मजुरी आहे. तिला अनुदान म्हणणंच चुकीचं.

२०२५ मध्ये राज्य सरकारने प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली. त्यातले १५,००० सौर पॅनेलसाठी, म्हणजे घरासाठी खरी वाढ ३५,००० ची. ती धरली तरी सव्वा लाखाच्या वर खड्डा उरतो. हा खड्डा कोण भरतं?

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत तो मुकादमाची उचल भरते. नवरा-बायको कोयत्यावर जायचं कबूल करून पैसे उचलतात, त्यातून स्लॅब टाकतात आणि मग कारखान्याच्या फडावर कोपीत सहा महिने काढतात. स्वतःच्या पक्क्या घराला कुलूप आणि स्वतः पाचटाच्या कोपीत! इतर ठिकाणी बचत गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, बायकोच्या गळ्यातलं मणी-डोरलं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लाभार्थ्याला ७०,००० रुपयांपर्यंत संस्थात्मक कर्ज मिळवून द्यावं असं लिहिलेलं आहे. पण गावठाणातल्या वस्तीतलं घर तारण ठेवायला कुठली बँक तयार होते? म्हणून आपला माणूस बँकेच्या पायरीवरून परत येतो आणि महिन्याला शेकडा पाचने पैसे देणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "तुम्हाला फुकट घरं मिळतात" म्हणालं, तर मान खाली घालू नका. हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. निम्मं घर आम्ही आमच्या हाडांवर बांधतो, हे त्याला आकड्यांत सांगा.

हप्त्याची वाट बघताना वाहून जाणारा पैसा

एकरकमी पैसा आणि तोच पैसा चार तुकड्यांत, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. घर बांधलेल्या कोणालाही हे विचारा.

नवं घर बांधायला दुसरी जागा नसते, म्हणून आधी जुनं पाडावं लागतं. कुटुंब ताडपत्रीखाली येतं. पहिला हप्ता एवढा लहान की पाया खोदून जोत्यावर येताना संपतो. पुढचा हप्ता जोत्याचा फोटो अॅपवर चढल्यावर. फोटो चढवायला अभियंता यायला हवा आणि एकेका अभियंत्याकडे गावांची रांग. तोवर मिस्त्री दुसऱ्या कामावर जातो. तो परत आणायचा तर जास्त मजुरी मागतो. उघडी सिमेंटची गोणी दमट हवेत दगड होते. पावसाने पायाच्या चरी बुजतात, त्या पुन्हा उपसायच्या. मोठा बिल्डर माल घाऊक भावात एकदम उचलतो. आपण दहा-दहा गोण्या किरकोळीने घेतो, त्याही उधारीवर, त्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव. म्हणजे गरिबाला तेच घर श्रीमंतापेक्षा महाग पडतं.

वाळूचं बघा. राज्याच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत आहे. कागदावर छान दिसतं. पण घाटाचा लिलाव झालेला नाही, पास आज मिळत नाही, उद्या या, आणि मिळाला तर ट्रॅक्टरचं भाडं आपल्याच खिशातून. त्यातून वस्तीचा रस्ता अरुंद. ट्रॅक्टर चावडीपाशी माल टाकतो आणि तिथून बायका घमेल्यांनी डोक्यावर वाहतात. रस्ता अरुंद का? वस्ती गावकुसाबाहेर, उताराला, उरलेल्या तुकड्यावर का बसवली गेली, याचं उत्तर ज्याला माहीत आहे त्याला रस्ता अरुंद का तेही माहीत आहे.

आणि हे सगळं सोसून स्लॅब पडला की शासन काय म्हणतं? पूर्ण!

आधी जागा, मग घर

हे झालं ज्याच्याकडे जागा आहे त्याचं. ज्याच्याकडे जागेचा कागदच नाही, त्याचं नाव यादीत येऊनही मंजुरी अडकते.

कागद का नाही? आपल्या पूर्वजांना जमीन मिळाली ती वतनाची, गावकीची वेठ वाहण्याच्या बदल्यात. ते जोखड तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचं विधेयक मांडलं. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. वतन गेलं, पण जमिनी नव्या शर्तीत, भोगवटादार वर्ग दोनमध्ये अडकल्या. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, खाली वारसांची रांग. त्यातला एक मुंबईत, एक सुरतेला, एकाचा पत्ता नाही. सगळ्यांच्या सह्या आणणार कशा? गावठाणात जागा असेल तर ती एवढीशी, आणि तिच्यात तीन भावांच्या तीन चुली.

जमिनीसाठी आपली चळवळ लढली नाही असं नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोकांनी तुरुंग भरले. त्या लढ्यांच्या बळावर माणसं गायरानावर उभी राहिली. आज त्याच गायरानावरच्या घराला 'अतिक्रमण' म्हणून नोटीस येते. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमित करण्याचे शासन निर्णय आहेत. पण प्रस्ताव ग्रामपंचायतीतून जायचा असतो आणि ग्रामपंचायत कोणाच्या हातात असते हे तुम्हाला सांगायला नको.

जागा विकत घ्यायलाही योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. तिच्यात आधी ५०,००० रुपये मिळत, पुढे ती रक्कम एक लाख झाली. प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न विकणाऱ्याचा. गावात जागा घ्यायला बौद्ध गिऱ्हाईक गेलं की भाव चढतो, नाहीतर "कालच दुसऱ्याला शब्द दिला" असं उत्तर मिळतं. जातीचा कायदा पुस्तकातून गेला, जागेच्या व्यवहारातून गेला नाही.

'पूर्ण' कशाला म्हणायचं?

चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९५ चा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असला पाहिजे. उत्तर प्रदेश सरकारने अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादित केली होती. जमीनमालक त्याविरुद्ध कोर्टात गेले. कोर्टाने संपादन कायम ठेवलं आणि निवाऱ्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निवारा कशाला म्हणायचं तेही सांगितलं. डोक्यावर नुसतं छप्पर म्हणजे निवारा नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, स्वच्छ परिसर, उजेड, हवा, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, रस्ता, हे सगळं मिळून निवारा होतो.

म्हणजे हा निकाल आपल्याच घरांच्या खटल्यातला आहे! आणि तरी आपल्या घराला 'पूर्ण'चा शिक्का मारताना स्लॅबचा फोटो पुरतो. दार नसलेल्या घरात वयात आलेली मुलगी कशी झोपते, हे फोटोत दिसत नाही. न्हाणी नसल्यामुळे बाई अंधार पडायची वाट बघते, हे दिसत नाही. वीजजोड नसल्यामुळे दहावीचं पोरगं खांबाखाली अभ्यास करतं, तेही नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत मोठा सोहळा झाला. २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि १० लाखांना पहिला हप्ता. मंजुरीचा सोहळा होतो. शेवटचं दार बसल्याचा सोहळा कोणी केलेला ऐकला आहे का? सोहळा जिथे होतो तिथेच सरकारचं काम संपतं.

पैसा नाही म्हणतात. मग मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे कसे वळवले गेले? त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. बहिणींना पैसे देऊ नका असं कोणी म्हणत नाही, आमच्याही बहिणी त्यात आहेत. पण १,२०,००० च्या दराने ४१० कोटींत ३४ हजारांहून अधिक घरकुलं बसतात. अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून कर्नाटकाने २०१३ साली कायदा केला. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या राज्यात, ही अजून मागणीच आहे.

आता आपल्याकडे वळू

सरकारला शिव्या देऊन लेख संपवणं सोपं आहे. पण एवढ्याने एकाही घराला दार बसत नाही.

घरकुल मंजूर झालं की गावात फ्लेक्स लागतो. नेत्याचा फोटो मोठा, लाभार्थ्याचं नाव बारीक. "यांच्या अथक प्रयत्नांना यश." सहा महिन्यांनी जोत्यावर काम अडलं की तो नेता कुठे असतो? अडलेल्या हप्त्यासाठी कोण पंचायत समितीत जातं? आपल्याकडे मोर्चाचं शास्त्र आहे, भाषणाचं आहे, पण इस्टिमेट वाचणारा कार्यकर्ता शोधून सापडत नाही. आणि आपल्याच वस्त्यांतली पोरं पुण्या-मुंबईच्या साइटवर सेंट्रिंग, प्लास्टर, फरशी, वायरिंग करतात! ज्ञान आपल्याकडे आहे. ते दुसऱ्यांच्या टॉवरला लागतं, आपल्या वस्तीला लागत नाही.

दुसरी गोष्ट वास्तुशास्त्राची. ही मला सगळ्यात जास्त डाचते. अस्पृश्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेला असावी, कारण दक्षिण ही सर्वांत अशुभ दिशा, असा दंडक होता हेही बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे दिशांचं शुभ-अशुभ आपल्याला गावाबाहेर ठेवण्यासाठी वापरलं गेलं. आणि आज त्याच वस्तीतला शिकलेला माणूस "दक्षिणमुखी दार नको" म्हणून बसवलेली चौकट उपटतो, तोडफोडीचे आठ-दहा हजार घालवतो, आणि मग संडासाला पैसे उरत नाहीत! १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या भिंतीवर फ्रेम करून लावण्यासाठी नव्हत्या. दार कुठे असावं हे रस्ता, वारा आणि पावसाचा मारा बघून ठरवा.

तिसरी गोष्ट कॉलमची. कॉलमचं वेड कुठून येतं हे वर सांगितलं. पण वेड समजून घेणं वेगळं आणि त्याला पैसे देणं वेगळं. २६९ फुटांच्या एकमजली घराला सगळीकडे कॉलम-बीम लागतातच असं नाही. जमीन चांगली असेल तर नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब बसतो. जोत्यावर आणि लिंटलला आरसीसी पट्टी घेतली की घर मजबूत होतं. सळईचे वाचलेले पैसे दार-खिडक्यांना जातात. काळ्या रानात मात्र पाया वेगळा लागतो. तिथे अभियंत्याला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका. वरचा मजला नातू बांधील. आज मुलीला कडी लागणारं दार द्या.

वस्तीत करायचं काम

प्रत्येक वस्तीत पाच जण उभे राहिले तरी हे काम होतं. एक कागदाचं बघणारा, एक हिशेबाचा, एक बांधकामातला जाणकार, आणि दोन बायका. बायका हव्यातच, कारण घरात काय राहिलं आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे. ते प्रत्यक्षात होतं की नाही तेही त्याच बघतील.

कागद आधी. ग्रामपंचायतीचा नमुना ८, सातबारा, वारसनोंद. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. मोजणीच्या वेळी वस्ती कामाला गेलेली असते आणि हद्द शेजारचा दाखवतो. त्या दिवशी रोज बुडाला तरी घरी थांबा. गायरानावर राहात असाल तर २०११ पूर्वीचा पुरावा जमवा: मतदार यादी, घरपट्टीची पावती, वीजबिल, शाळेचा दाखला.

जागेवर किंवा वाटेवर कोणी आडवं आलं, बांधकाम थांबवलं, तर ते 'भावकीचं भांडण' म्हणून मिटवू नका. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याच्या जमिनीतून किंवा घरातून बेकायदा हुसकावणं आणि तिच्या उपभोगात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. इंग्रजी प्रतीत हे कलम 'जी' अक्षराखाली आहे. फिर्याद देताना ते नीट लिहून घ्या.

खरेदी एकत्र करा. एकाच वेळी दहा घरकुलं मंजूर असतील तर सिमेंट, सळई आणि विटांची ऑर्डर एकच जाऊ द्या. दुकानदार दहा गोण्यांच्या गिऱ्हाइकाशी वेगळा वागतो आणि पाचशे गोण्यांच्या गिऱ्हाइकाशी वेगळा. वाळूच्या पाससाठी दहा जण एकत्र तहसीलला गेले की "उद्या या" म्हणणं अवघड जातं.

मिस्त्रीशी बोली तोंडी नको. चौरस फुटाचा दर, त्यात काय येतं काय नाही, कुठल्या टप्प्याला किती पैसे, हे साध्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. थोडे पैसे शेवटच्या कामापर्यंत हातात ठेवा. मिस्त्रीही बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. लिहिलेली बोली त्यालाही संरक्षण देते.

कामाचा क्रम राहण्याच्या गरजेने लावा. छपरानंतर दार-खिडक्या. मग संडास आणि न्हाणी, शोषखड्ड्यासकट. मग भिंतीत वायरिंगचे पाइप, कारण ते प्लास्टरच्या आधी गेले नाहीत तर भिंत पुन्हा फोडावी लागते. मग आतलं प्लास्टर आणि फरशी. बाहेरून आधी पावसाच्या माऱ्याच्या बाजूचं प्लास्टर. रंग, पुट्टी, एलिव्हेशन अगदी शेवटी.

आणि पाणी मारणं. आज दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं. त्याच्या स्लॅबला किमान दहा दिवस पाणी हवंच, वर आळी करून भरून ठेवलेलं. वस्तीच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं आणि टँकर परवडत नाही, म्हणून इथेच सगळ्यात जास्त घरं कच्ची राहतात. चार वर्षांनी स्लॅब गळायला लागतो आणि दोष पुन्हा बांधणाऱ्याच्या माथी! स्लॅबच्या दहा दिवसांसाठी पाळी लावून शेजाऱ्यांनी पाणी भरलं तर एक रुपया लागत नाही. पाण्यासाठी महाडला गेलेल्या माणसांची आपण लेकरं आहोत, शेजाऱ्याच्या स्लॅबला दोन हंडे पाणी जड होऊ नये.

विहारात एक फळा लावा. त्यावर प्रत्येक अपुऱ्या घराचं नाव, काय राहिलं, त्याला किती रुपये लागतात, कुठला हप्ता किती दिवस अडला आहे, हे लिहा. दर रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटं त्यावर बोला. हा फळा घेऊन गटविकास अधिकाऱ्यासमोर बसलात तर त्याला "लाभार्थी उदासीन" म्हणता येणार नाही.

आणि मागण्या नेमक्या ठेवा. अनुदानाचा दर बाजारभावाशी जोडा आणि दरवर्षी बदला. पहिला हप्ता जोतं पूर्ण होईल एवढा द्या. फोटो-तपासणीला मुदत घाला आणि मुदत टळली तर जबाबदारी अधिकाऱ्यावर टाका. दार-खिडक्या, संडास, न्हाणी, पाणी, वीज आणि आतलं प्लास्टर झाल्याशिवाय घर 'पूर्ण' म्हणू नका. अनुसूचित जातींच्या निधीला कायद्याचं कुलूप लावा.

रमाईच्या नावाने

या योजनेला रमाईचं नाव आहे. रमाईचं मुंबईतलं बहुतेक आयुष्य परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत गेलं. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं, पुस्तकांसाठी आणि माणसांसाठी पुरेशी जागा असलेलं स्वतःचं घर झालं, तेव्हा रमाईच्या हाती एक-दोन वर्षंच उरली होती. २७ मे १९३५ ला त्यांनी राजगृहातच शेवटचा श्वास घेतला. स्वतःचं पुरं घर बघायला आयुष्य पुरत नाही, हे आपल्या आयांना नवीन नाही.

जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या काचा आणि कुंड्या फुटल्या तेव्हा महाराष्ट्रभर आपण पेटून उठलो. उठायलाच हवं होतं. पण ज्या घरांवर रमाईचं नाव रंगवलं आहे आणि ज्यांच्या खिडक्यांना काच कधी बसलीच नाही, त्यांच्यासाठी आपण कधी उठणार?

१४ एप्रिलच्या तयारीच्या बैठका लवकरच सुरू होतील. डीजे किती, कमान केवढी, वर्गणी किती, यावर रात्री जागतील. त्या पहिल्याच बैठकीत एक विषय लिहून घ्या: आपल्या वस्तीत अपुरी घरं किती आणि कोणाच्या घराला काय कमी आहे. वर्गणीतून निदान एका विधवा बाईच्या घराला दार बसवा. जयंतीच्या मिरवणुकीत त्या घरासमोर थांबा आणि ते दार तिच्या हाताने उघडू द्या. मग बाकीच्या घरांची यादी घेऊन सगळे मिळून पंचायत समितीत जा.

जय भीम! जय रमाई!